अमेरिकेतील ब्रॉडबँड नियमनाचे खटले : वाद नेमका कशाचा आहे?

प्रश्न असा आहे की, अमेरिकेत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर संघीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, घातलेले नियम दर काही वर्षांनी न्यायालयात का जातात, तिथे ते कधी टिकतात आणि कधी रद्द का होतात, आणि जानेवारी २०२५ च्या निकालानंतर तिथल्या ग्राहकाला काही कायदेशीर आधार उरला आहे का. दूरसंचार नियमनाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे मला या विषयाबद्दल आस्था आहे, आणि म्हणूनच थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. वृत्तपत्रांतून हा वाद ‘नेट न्यूट्रॅलिटी हवी की नको’ असा मांडला जातो, परंतु त्या प्रश्नाचा निवाडा न्यायालयांनी जवळजवळ कधी केलेला नाही. पुरवठादाराने एखादे संकेतस्थळ अडवू नये, एखाद्याचा वेग मुद्दाम कमी करू नये, पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये, ही तत्त्वे योग्य आहेत की नाहीत हे न्यायाधीशांना ठरवायचेच नव्हते. त्यांच्यापुढचा प्रश्न होता तो अधिकाराचा. संसदेने १९९६ साली दोन व्याख्या लिहून ठेवल्या. ब्रॉडबँड त्यांतील कोणत्या व्याख्येत बसते, आणि ते कोणी ठरवायचे, यावर गेली पंचवीस वर्षे वकिली चालू आहे.

या दोन व्याख्या नीट वाचल्याशिवाय पुढचा एकही निकाल समजत नाही. मूळ कायदा १९३४ चा. त्याच्या दुसऱ्या भागात, ज्याला सगळे ‘टायटल टू’ म्हणतात, टेलिफोन कंपन्यांवर ‘कॉमन कॅरियर’ म्हणून बंधने आहेत. जो येईल त्याला सेवा द्यायची, दर वाजवी ठेवायचे, ग्राहकाग्राहकांत अन्याय्य भेदभाव करायचा नाही. आगगाडीच्या आणि तारेच्या काळापासून चालत आलेली ही कल्पना आहे. १९९६ च्या दुरुस्तीने सेवांचे दोन वर्ग केले. वापरकर्त्याने ठरवलेल्या ठिकाणांदरम्यान, त्याने निवडलेली माहिती, तिच्या रूपात किंवा आशयात बदल न करता वाहून नेणे हे दूरसंचार होय, आणि ते मोबदला घेऊन जनतेला देऊ करणे ही ‘दूरसंचार सेवा’. दूरसंचाराच्या माध्यमातून माहिती निर्माण करण्याची, मिळवण्याची, साठवण्याची, रूपांतरित करण्याची किंवा उपलब्ध करून देण्याची क्षमता देऊ करणे ही ‘माहिती सेवा’. पहिल्या वर्गाला टायटल टू लागू होते. दुसऱ्याला होत नाही, आणि पुरवठादार दूरसंचार सेवा देत असेल तेवढ्यापुरतीच त्याला कॉमन कॅरियरची वागणूक द्यावी, असेही कायदा स्पष्ट म्हणतो.

आता एक अगदी साधी कृती घ्या. ग्राहक घरी बसून एका संकेतस्थळाचा पत्ता टाइप करतो. तो अक्षरी पत्ता आधी अंकी पत्त्यात बदलावा लागतो. हे काम डीएनएस नावाची यंत्रणा करते, आणि ती सहसा पुरवठादाराचीच असते. शिवाय वारंवार मागितली जाणारी पाने जवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवलेली असतात, म्हणजे ती लवकर मिळतात. कंपन्यांचे म्हणणे असे की, पत्ता शोधून देणे आणि पाने साठवणे ही माहितीवरची प्रक्रियाच आहे, आणि ती वाहतुकीशी इतकी एकजीव झाली आहे की संपूर्ण सेवाच माहिती सेवा ठरते. विरुद्ध पक्ष त्याच व्याख्येतील शेवटच्या तुकड्याकडे बोट दाखवतो. दूरसंचार यंत्रणेचे व्यवस्थापन, नियंत्रण किंवा संचालन करण्यासाठी वापरलेली क्षमता माहिती सेवेत मोजायची नाही, असा अपवाद तिथे लिहिलेला आहे. टेलिफोन निर्देशिकेत क्रमांक शोधून दिला म्हणून टेलिफोन कंपनी ग्रंथालय होत नाही, त्याचप्रमाणे डीएनएस ही रस्त्यावरची पाटी आहे, मुक्कामाचे गाव नव्हे, असा हा युक्तिवाद. मला स्वतःला तो अधिक पटतो, कारण आज ग्राहक पुरवठादाराची डीएनएस सोडून तिसऱ्याच कोणाची वापरू शकतो आणि तरीही आपण त्याच पुरवठादाराचे ब्रॉडबँड विकत घेतले असेच समजतो. पण माझ्या पटण्याला न्यायालयात किंमत नाही. तिथे कायद्याचा मजकूर आणि तो वाचण्याचा अधिकार, एवढेच चालते.

हा अधिकार आयोगाला पहिल्यांदा ठळकपणे मिळाला तो २००५ च्या ब्रँड एक्स खटल्यात. आयोगाने २००२ मध्ये केबलद्वारे मिळणारे इंटरनेट माहिती सेवा ठरवले होते. त्याआधी, २००० मध्ये, नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयांचा एकेक विभाग) अपील न्यायालयाने पोर्टलंड शहराच्या प्रकरणात त्यात दूरसंचार सेवाही आहे असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आयोगाची बाजू घेतली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा की, ‘देऊ करणे’ हा शब्द संदिग्ध आहे, आणि १९८४ च्या शेव्हरॉन निकालानुसार कायदा संदिग्ध असेल तर संबंधित नियामकाचा वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करावा. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत लिहिताना पिझ्झा घरपोच देणाऱ्या दुकानाचे उदाहरण घेतले. फोनवर मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाला दुकानदाराने ‘आम्ही पिझ्झा घरपोच देतो, पण घरपोच सेवा देऊ करत नाही’ असे सांगितले, तर ते कोणाला पटेल?

या निकालाने केबल कंपन्या त्या दिवशी जिंकल्या, परंतु त्यांनी एक धोकाही पदरात घेतला, आणि तो त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आला. शब्द संदिग्ध असतील आणि अर्थ लावणे आयोगाच्या हाती असेल, तर उद्याचा आयोग नेमका उलटा अर्थही लावू शकतो. पुढच्या दहा वर्षांत तेच झाले.

मधला टप्पा थोडक्यात सांगतो. कॉमकास्ट या केबल कंपनीने बिटटोरंटची, म्हणजे वापरकर्त्यांनी आपसांत फायली देण्याघेण्याच्या तंत्राची, वाहतूक रोखल्याचे २००७ मध्ये उघड झाल्यावर आयोगाने तिच्याविरुद्ध आदेश दिला. राजधानी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, म्हणजे डी.सी. सर्किटने, एप्रिल २०१० मध्ये तो रद्द केला, कारण त्या आदेशामागे आयोगाने कायद्याचे कोणतेही ठोस कलम दाखवले नव्हते. मग २०१० च्या डिसेंबरमध्ये आयोगाने रीतसर नियम केले. व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने त्यांना आव्हान दिले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने अडवणूक व भेदभाव यांवरील बंदी रद्द केली. न्यायाधीश डेव्हिड टेटल यांचे तर्कशास्त्र सरळ होते. तुम्ही या कंपन्यांना माहिती सेवा म्हणता, आणि बंधने मात्र कॉमन कॅरियरची घालता, तर कायदा तसे करू देत नाही. पारदर्शकतेचा नियम तेवढा वाचला. या निकालाने आयोगापुढे दोनच वाटा ठेवल्या : नियम सौम्य करायचे, किंवा वर्गीकरणच बदलायचे.

टॉम व्हीलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी ब्रॉडबँडला दूरसंचार सेवा ठरवून वर्गीकरण बदलले, आणि जून २०१६ मध्ये डी.सी. सर्किटने ते मान्य केले. अजित पै यांच्या आयोगाने १४ डिसेंबर २०१७ रोजी, पुन्हा ३ विरुद्ध २ मतांनी, ते मागे फिरवले. त्यालाही डी.सी. सर्किटने १ ऑक्टोबर २०१९ च्या मोझिला निकालात मुख्यतः मान्यता दिली. एकाच न्यायालयाने साडेतीन वर्षांच्या आत दोन परस्परविरोधी वर्गीकरणे कायम केली याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्यात विसंगती नाही. न्यायालय दोन्ही वेळा एकच गोष्ट म्हणत होते, की हा अर्थ वाजवी आहे एवढे पुरे, तो सर्वांत योग्य आहे की नाही हे पाहणे आमचे काम नाही. मोझिला प्रकरणात न्यायाधीश पॅट्रिशिया मिलेट यांनी तर स्वतंत्र मत लिहून खंत व्यक्त केली की, आजच्या ब्रॉडबँडचे वास्तव ब्रँड एक्सच्या काळापेक्षा फार वेगळे झाले आहे, परंतु त्या निकालाने आमचे हात बांधले आहेत.

मोझिला निकाल मी दूरसंचार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला मुळातून वाचायला सांगतो, आणि त्यातही वर्गीकरणाचा भाग सोडून उरलेला. आयोगाने तीन गोष्टींचा पुरेसा विचार केला नाही म्हणून न्यायालयाने त्या फेरविचारासाठी परत पाठवल्या, आणि एका साध्या व्याख्येचा हात कुठवर पोहोचतो ते त्यांतून दिसते. पहिली गोष्ट विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांची. केबल दूरचित्रवाणी आणि दूरसंचार पुरवठादारांना खांबांवर तार टाकण्याचा हक्क कायद्याने मिळतो. एखादी कंपनी फक्त ब्रॉडबँड देत असेल आणि ती दूरसंचार सेवा नाही असे ठरले, तर तिचा खांबांवरचा हक्क कशाच्या आधारे टिकणार? दुसरी गोष्ट गरीब कुटुंबांना दूरसंचाराचे बिल भरायला मदत करणाऱ्या लाइफलाइन योजनेची. तिसरी सार्वजनिक सुरक्षेची. कॅलिफोर्नियात २०१८ च्या उन्हाळ्यात मेंडोसिनो परिसरात प्रचंड वणवा पेटलेला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या संपर्क वाहनाचा इंटरनेट वेग, ठरलेली डेटामर्यादा ओलांडली म्हणून, पुरवठादार व्हेरायझनने अगदी नाममात्र करून टाकला. आग विझवणाऱ्या लोकांना अधिक महागडी योजना घेण्यास सांगण्यात आले. कंपनीने नंतर ही ग्राहकसेवेतील चूक असल्याचे आणि तिचा नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध नसल्याचे सांगितले. तांत्रिकदृष्ट्या हे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, कारण डेटामर्यादा ओलांडल्यावर सरसकट वेग कमी करणे हे कोणा एका संकेतस्थळाशी केलेला भेदभाव नव्हे. परंतु न्यायालयाने बोट ठेवले ते वेगळ्याच ठिकाणी. लोकांचा जीव जाण्याच्या प्रसंगी, हानी होऊन गेल्यावर दाद मागण्याची सोय अपुरी पडते, आणि आयोगाने याचा विचारच केला नाही.

त्याच निकालात आणखी एक मुद्दा होता, आणि आजच्या परिस्थितीची किल्ली त्यातच आहे. २०१७ च्या आदेशात आयोगाने स्वतःचा अधिकार सोडून देताना राज्यांनाही असे नियम करण्यास मनाई केली होती. न्यायालयाने ही मनाई रद्द केली. ज्या क्षेत्रात आपल्याला अधिकारच नाही असे आयोग म्हणतो, त्या क्षेत्रात राज्यांनी पाऊल टाकू नये असे फर्मान काढण्याचा अधिकार त्याला कुठून मिळणार? युक्तिवाद इतका स्वच्छ आहे की पुढच्या प्रत्येक खटल्यात तो कंपन्यांच्या आड आला.

आता २०२४ कडे येतो. जेसिका रोझेनवॉर्सेल अध्यक्ष असताना आयोगाने २५ एप्रिल २०२४ रोजी ब्रॉडबँडला पुन्हा टायटल टूखाली आणले. पुन्हा ३ विरुद्ध २. दोन महिन्यांनी, २८ जून रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट निकालात चाळीस वर्षांचे शेव्हरॉन तत्त्व मोडीत काढले. यापुढे कायद्याचा सर्वोत्तम अर्थ न्यायालयाने स्वतः ठरवायचा, संदिग्धता आहे म्हणून नियामकाचा अर्थ डोळे झाकून स्वीकारायचा नाही. ज्या जमिनीवर आयोगाचा आदेश उभा होता ती जमीनच सरकली.

इथे कार्यपद्धतीचा एक तपशील सांगायला हवा, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. आयोगाच्या अशा आदेशाला थेट अपील न्यायालयात आव्हान द्यावे लागते, आणि पहिल्या दहा दिवसांत एकाहून अधिक सर्किटांमध्ये अर्ज आले तर प्रकरण कुठे चालायचे हे चिठ्ठी काढून ठरते. २०२४ मध्ये चिठ्ठी निघाली ती ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी या राज्यांच्या सहाव्या सर्किटची. याआधी अनेकदा हा प्रश्न हाताळलेल्या डी.सी. सर्किटकडे प्रकरण परत पाठवावे अशी आयोगाची विनंती फेटाळली गेली. सहाव्या सर्किटने १ ऑगस्टला आदेशाला स्थगिती दिली. त्या वेळी त्याने ‘मोठ्या प्रश्नांच्या तत्त्वा’वर भर दिला होता, म्हणजे देशाच्या दृष्टीने एवढा महत्त्वाचा अधिकार संसदेने दिला असेल तर तो स्पष्ट शब्दांत दिसला पाहिजे. ब्रेट कॅव्हनॉ यांनी डी.सी. सर्किटवर असताना मे २०१७ मधील विरोधी मतात हाच मुद्दा मांडला होता. अंतिम निकालात मात्र, २ जानेवारी २०२५ रोजी, न्यायाधीश रिचर्ड ग्रिफिन यांच्या लेखणीतून आलेल्या एकमताच्या निकालाने त्या तत्त्वाची गरजच पडू दिली नाही. ब्रॉडबँड ग्राहकाला निदान माहिती मिळवण्याची क्षमता देऊ करते, एवढ्यावरून ती माहिती सेवा ठरते, असा मजकुराचाच थेट अर्थ न्यायालयाने लावला. मोबाइल ब्रॉडबँडही त्याच वाटेने गेले.

हा फरक बारीक वाटेल, पण परिणाम फार मोठा आहे. स्थगितीच्या आदेशातला विचार कायम राहिला असता, तर निकाल ‘संसदेने स्पष्ट सांगितलेले नाही’ इतकाच राहिला असता. आता निकाल ‘संसदेने याच्या उलट सांगितले आहे’ असा आहे. पूर्वी राष्ट्राध्यक्ष बदलला, आयोगातील तीन-दोनचे पारडे फिरले, की वर्गीकरण फिरत असे. नव्या पद्धतीत तो दरवाजा जवळजवळ बंद झाला आहे. तो उघडायचा तर सर्वोच्च न्यायालयाने वेगळा अर्थ लावला पाहिजे किंवा संसदेने कायदा बदलला पाहिजे. आयोगाच्या बाजूने खटल्यात उतरलेल्या नागरी संघटनांनीही पुढे सर्वोच्च न्यायालयात न जाण्याचा निर्णय घेतला, आणि वकील म्हणून मला तो शहाणपणाचा वाटतो. आजच्या खंडपीठापुढे हरणे म्हणजे एका सर्किटपुरता राहिलेला अर्थ सबंध देशावर कायमचा लादून घेणे.

मग ग्राहकाला उरले काय? उरलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे राज्यांचे कायदे, आणि त्या कायद्यांना बळ मिळाले ते कंपन्यांच्याच विजयातून. कॅलिफोर्नियाने ३० सप्टेंबर २०१८ रोजी स्वतःचा नेट न्यूट्रॅलिटी कायदा केला. त्याच दिवशी संघीय न्याय विभागाने त्याविरुद्ध दावा लावला, आणि सत्तापालटानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला. कंपन्यांच्या संघटनांनी स्थगिती मागितली, ती जिल्हा न्यायालयाने नाकारली, आणि नवव्या सर्किटने जानेवारी २०२२ मध्ये तो नकार कायम ठेवला. कारण मोझिलातलेच होते. आयोगाने ब्रॉडबँड आपल्या अधिकाराबाहेर काढले आहे, तेव्हा आयोग राज्यांना अडवू शकत नाही. तो कायदा आजही लागू आहे. शुल्क घेऊन विशिष्ट अ‍ॅपचा डेटा मोजणीतून वगळण्यावरही त्यात बंदी आहे, आणि त्यामुळे एटी अँड टीने २०२१ मध्ये आपली तशी योजना देशभर बंद केली. एका राज्याचा कायदा व्यवहारात देशाचा नियम कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

न्यूयॉर्क त्याहून पुढे गेले. २०२१ च्या कायद्याने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना २५ एमबीपीएस वेग महिना १५ डॉलरला किंवा २०० एमबीपीएस वेग २० डॉलरला देणे बंधनकारक केले. हे सरळसरळ दरनियंत्रण आहे, जे २०१५ च्या आणि २०२४ च्या आयोगानेही टायटल टू लावूनसुद्धा मुद्दाम टाळले होते. जिल्हा न्यायालयाने आधी मनाई केली, पण दुसऱ्या सर्किटने २६ एप्रिल २०२४ रोजी ती उठवली. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच दिवशी आयोगाने टायटल टू परत आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि जानेवारी २०२५ च्या मध्यापासून कायदा अमलात आला. एटी अँड टीने मोबाइल जाळ्यावरून चालणारी आपली घरगुती इंटरनेट सेवा न्यूयॉर्कमध्ये विकणे थांबवले. दरनियंत्रणाची अशीही किंमत असते, आणि ती लपवून या कायद्याचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. पण त्याच महिन्यात सहाव्या सर्किटमध्ये मिळालेल्या विजयाने कंपन्यांनी जे गमावले, तेही ध्यानात घ्यावे. टायटल टूखाली आयोगाने दरनियंत्रण नको असे ठरवले असते, तर राज्यांना रोखण्याचा भक्कम युक्तिवाद कंपन्यांकडे असता. टायटल टू गेले, तसा तोही बराचसा गेला.

राज्यांच्या पलीकडे दोन संघीय आधार आहेत. आयोगाचा पारदर्शकतेचा नियम आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून आलेली सेवेची माहितीपट्टी, जिच्यावर दर, वेग आणि डेटामर्यादा सांगावी लागते, ही वर्गीकरणावर अवलंबून नाहीत. दुसरा आधार फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या संघीय व्यापार आयोगाचा. कॉमन कॅरियर त्याच्या कक्षेबाहेर असतात, परंतु नवव्या सर्किटच्या पूर्णपीठाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ठरवले की ही सूट कंपनीला नसून तिच्या त्या विशिष्ट व्यवहाराला आहे. म्हणून ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या डेटाचा वेग गुपचूप कमी केल्याबद्दल एटी अँड टीला २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

या आधाराची मर्यादाही तिथेच आहे. हे कमिशन प्रामुख्याने फसवणूक झाली तर पकडते, म्हणजे आधी कंपनीने काहीतरी वचन दिलेले असावे लागते. ज्या पुरवठादाराने आपल्या अटींत ‘आम्ही काही सेवांचा वेग कमी करू शकतो’ असे स्पष्ट लिहून ठेवले आहे, त्याने वेग कमी केला तर फसवणूक सिद्ध करणे अत्यंत कठीण. अशा वेळी कॅलिफोर्नियातील ग्राहक राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे जाऊ शकतो. ज्या राज्यात तसा कायदा नाही तिथल्या ग्राहकाला मी हेच सांगेन की, करार घेताना त्या अटी आणि ती माहितीपट्टी जपून ठेवा, कारण उद्या तक्रार करायची वेळ आली तर आधार तेवढाच असेल.